वरून ओतलेले पाणी

"पुन्हा," प्रभावती सिस्टर म्हणाल्या. "पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे हात धुण्यापासून. कौसल्या मोरीकडे गेली. खाटेवर तिचा नवरा पुंजाराम बोर्डे उशांना टेकवून बसवलेला होता. त्याच्या नाकपुडीतून निघालेली तांबडी रबरी नळी गालावर चिकटपट्टीने बसवली होती. नळीच्या मोकळ्या टोकाला काचेचे नरसाळे होते आणि त्यातले दूध जागचे हलले नव्हते. सिस्टरांनी नळी चिमटीत दाबून नरसाळे काढून घेतले.

"तुम्ही ते त्यांच्या तोंडासमोर धरता," कौसल्या परत आल्यावर त्या म्हणाल्या. "तिथं धरून दूध आत कसं जाईल? वर धरा. कपाळाच्या वर एक वीत. त्याहून उंच नको, मग फार जोरात जातं. आणि खाली आणलंत तर पोटातलं उलटं येईल."

"धरते ना वर."

"धरता आणि परत खाली आणता. हात दुखतो का?"

"न्हाई," कौसल्या म्हणाली. तिने नरसाळे पुन्हा हातात घेतले.

हे १९७४ सालच्या श्रावणातले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. पुंजाराम हसनाबादचा, बांधकाम खात्याच्या रस्त्याच्या गँगवर होता. भोकरदनच्या रस्त्यावर खडी पसरताना तो फावड्यासकट खाली बसला, तो उठला नाही. डांबराच्या ट्रकमधून त्याला जालन्याच्या दवाखान्यात आणले तेव्हा उजवी बाजू गेली होती, बोलणे गेले होते आणि गिळणेही. गिळणे परत येऊ शकते, असे डॉक्टरांनी सांगितले. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हते. तोवर नळीतून पोटाला मिळेल ते. तोंडाने एक थेंब नाही, कारण तोंडात घातलेला थेंब पोटाऐवजी फुफ्फुसात जाईल आणि लकव्यातून वाचलेला माणूस निमोनियाने जाईल.

त्या आठवड्यात वॉर्डात हगवण-उलटीचे रोगी इतके आले की खाटांमधल्या वाटेवर सतरंज्या पडल्या. पुंजारामला त्यातले काही लागण्याआधी घरी न्यावे, असे डॉक्टर म्हणाले. त्यावर सिस्टरांनी अट घातली. नळी सांभाळणारी दोन माणसे त्यांच्या हाताखालून तयार होऊन गेली पाहिजेत. ती होईपर्यंत रोग्याला त्या सोडणार नाहीत. दुसरा माणूस होता पुंजारामचा धाकटा सावत्र भाऊ तातेराव. लोकांच्या शेतावर सालगडी म्हणून राहिलेला, बैलांच्या कामात हुशार.

"हे तर बैलाला औषध पाजल्यावानी हाये," पहिल्याच दिवशी तातेराव म्हणाला होता. "बांबूची नाळ घालायची घशात आन् द्यायचं सोडून."

"बैल ठसकला तर काय करता?"

"मान सोडतो खाली. न्हाईतर फुफ्फुसात जातंय. मरतंय जनावर."

"मग अर्धं काम तुम्हाला येतं," सिस्टर म्हणाल्या. "बैल ठसकून सांगतो तरी. यांना धड ठसकाही लागत नाही. तोंडाकडं बघत राहायचं. ओठ काळेनिळे पडले, श्वास घरघरला, की लगेच नळी दाबायची आणि थांबायचं."

"दादा बैलापरीस बरा हाये, वहिनी," तातेराव कौसल्येला म्हणाला. "शिंगं न्हाईत."

"असती तर तुम्ही एवढी घाई केली नसती," सिस्टर म्हणाल्या. "सावकाश. दूध आपलं आपण उतरू द्या."

सिस्टरांची शिकवण्याची एक रीत होती. एकदा त्या स्वतः करून दाखवीत. मग समोरच्याकडून करवून घेत. आणि शेवटी स्टुलावर बसून म्हणत, "आता समजा मी तुमची नवी सून आहे. मला यातलं काही माहीत नाही. मला शिकवा." कौसल्येला लिहिता-वाचता येत नव्हते, पण हे जमले. नळीवर नाकपुडीपाशी शाईची खूण आहे, ती जागेवर आहे का आधी बघायची. सरकली असेल तर काही न घालता थेट जालन्याला यायचे. मग काचेच्या पिचकारीने थोडे ओढून बघायचे, पोटातले आंबट पाणी वर आले की नळी पोटात आहे. मग दूध, वरणाचे पाणी, नाहीतर ज्वारीचा पातळ घाटा, कोमट आणि फडक्यातून दोनदा गाळलेला. शेवटी स्वच्छ पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही.

"आणि तोंडानं?"

"काहीच न्हाई."

"कुणी आलं तर?"

"कुणीबी येऊ द्या."

अडत होते ते एका वितीपाशी. नरसाळे वर गेले की कौसल्येचा हात आपोआप खाली येई. पाचव्या की सहाव्या खेपेला तिने डावा हात उजव्या कोपराखाली टेकू म्हणून दिला, नजर नवऱ्याच्या ओठांवर ठेवली आणि दूध संपेपर्यंत हात हलू दिला नाही. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी सोडण्याच्या कागदावर डॉक्टरांची सही घेतली.

घरी पहिली अडचण बाजेने केली. दवाखान्यातली खाट लोखंडी होती, डोक्याकडून उचलता येत होती. घरची बाज मध्ये खोल गेलेली. टेकवून बसवलेला पुंजाराम घटकेत घसरून आडवा होई. तातेरावाने बाजेच्या पायाकडच्या दोऱ्या ओढून ताणल्या, डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या आणि पाठीशी भुसा भरलेले पोते दिले. तरी दर खेपेला दोघांना बखोटीला धरून त्याला वर ओढावे लागे. पुंजाराम डावा हात हलवी आणि तो हात बऱ्याचदा नळीकडेच जाई. कौसल्या त्या हातात फडक्याची गुंडाळी देई.

दुसरी अडचण माणसांची. त्या आळीत आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस आपल्या हाताने त्याच्या तोंडात घोटभर काही घातल्याशिवाय उठत नसे. पाणी, चहा, दूध, ज्याच्या घरी जे असेल ते. न घालता उठणे म्हणजे माणसाची आशा सोडणे. शेजारची चतुराबाई गुळाचे पाणी घेऊन आली आणि तातेरावाने तिला दारातच अडवले.

"वाटीभर गुळाच्या पाण्यानं काय होतंय रे?"

"मरतो माणूस."

"गुळाच्या पाण्यानं? मंग मी कशी जिती हाये?"

"तुला गिळता येतंय, काकी. बोलता बी लई येतंय."

चतुराबाई वाटी घेऊन परत गेली. संध्याकाळी हापशावर बोलणे निघालेच, की कौसल्या नवऱ्याला उपाशी मारून राह्यली, नाकातून कुठं पोट भरतंय का. कौसल्येने ऐकले आणि घागर भरून ती घरी आली. भांडायला वेळ नव्हता; घाटा गाळायचा होता.

मग वाटूरहून आक्का आली.

चांगुणाबाई पुंजारामची थोरली बहीण. आई गेली तेव्हा पुंजाराम रांगत होता. त्याला कडेवर घेऊनच ती रोजाने निंदायला जाई. लग्न होऊन वाटूरला गेली तेव्हा पोरगा हुंदके देत बैलगाडीमागे गावाच्या शिवेपर्यंत धावला होता, हे ती अजून सांगे. निरोप उशिरा पोचला. जालन्याला गाडी बदलून ती हसनाबादला आली ती दुपारी, आणि नेमके तेव्हा नळीतून देणे चालू होते. तातेराव कामावर गेला होता. कौसल्या बाजेशेजारी उभी राहून, हात उंच करून, नरसाळ्यात पाणी ओतत होती. नळी धुण्याचे शेवटचे पाणी.

आक्का उंबऱ्यावर थांबली. पिशवी हातातच राहिली. ओतून होईपर्यंत ती आत आली नाही.

आली ती भावाच्या पायाशी बसली. पुंजारामने तिला ओळखले. त्याचे अर्धे तोंड हलले आणि डोळ्यांतून पाणी आले. कौसल्येने काय काय झाले ते थोडक्यात सांगितले. चहा केला. मग फडकी धुवायला निघताना म्हणाली, "आक्का, बसल्यात तवर बघा यांच्याकडं. पर तोंडानं काही देऊ नका बरं का. पाणीबी न्हाई."

आक्काने मान हलवली नाही, नाहीही म्हटले नाही. कौसल्येच्या ते तेव्हा लक्षात आले नाही.

हापशावरून ती परतली तेव्हा आतून घरघर ऐकू आली. उकळत्या भांड्याचे झाकण हलावे तसा आवाज. आक्काच्या हातात पितळी पेला होता, पुंजारामची हनुवटी आणि छाती भिजली होती, आणि त्याचे ओठ जांभळे पडत होते.

कौसल्येने फडकी टाकली. पाठीमागचे पोते ओढून काढले, नवऱ्याला खांद्याला धरून कुशीवर वळवले, डोके बाजेच्या कडेवरून खाली घेतले. बोटाला फडके गुंडाळून तोंडातले पाणी काढले. पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, उघड्या पंजाने थोपटत राहिली. "खोका," ती म्हणत होती. "खोका. जोरात." आक्का भिंतीला लागून उभी होती. पुष्कळ वेळाने, निदान त्या दोघींना तसे वाटले, पुंजारामच्या छातीतून एक ओबडधोबड खोकला निघाला, मग दुसरा. ओठांचा रंग हळूहळू परत आला. कौसल्येने नाकपुडीपाशी बघितले. शाईची खूण जागेवर होती.

मग ती जमिनीवर बसली.

"मी सांगितलं होतं, आक्का."

"घोटभर पाणी," चांगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्यानं डोळ्यांनी मागितलं. माझ्या हातानं दिलं. भांडं तोंडाला लावून. माणसाला देत्यात तसं."

"आन् मी कसं देते?"

चांगुणाबाईने पेला खाली ठेवला. "तू वरून ओतून राह्यली होतीस. हात लांब धरून, उभ्यानं. दारातून बघितलं मी. आपण पाटलाच्या पडवीबाहेर ओंजळ धरून बसायचो आन् त्यांची बाई वरून पाणी सोडायची. भांडं शिवू नये म्हणून. त्याला कडेवर घेऊन मी तसं पाणी पेले आन् त्याला पाजलं. छप्पन साली धर्म बदलला त्या दिवशी मी त्याला म्हणले, पुंज्या, आजपासून वरून ओतलेलं पाणी प्यायचं न्हाई. तहानेनं मेलं तरी न्हाई. आन् आज त्याच्याच घरात, त्याचीच बायको."

कौसल्या पुंजारामचा श्वास ऐकत राहिली. तो जड होता, पण घरघर थांबली होती.

"मलाबी तेच आठवायचं," ती शेवटी म्हणाली. "जालन्यात. सिस्टर म्हणायची वर धर, माझा हात खाली यायचा. तिला वाटायचं हात दुखतोय. मी काय सांगणार तिला? मंग मी एकच धरलं डोक्यात. त्या बाया आपल्या तोंडाकडं बघत नव्हत्या, आक्का. भांड्याकडं बघायच्या. मी यांच्या ओठाकडं बघते. पुरा वेळ. नजर काढली तर हा माणूस हातचा जातो."

चांगुणाबाईने पदराने भावाची भिजलेली हनुवटी पुसली.

"आता ताप येतो का ते बघायचं," कौसल्या म्हणाली. "सिस्टरनं सांगितलंय. छातीत पाणी गेलं असंल तर ताप येतो, श्वास जल्दी चालतो. आला तर पहिल्या गाडीनं जालना."

दोन दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. कौसल्या कपाळाला हात लावी, मग आक्का लावी, मग तातेराव कामावरून आला की तोही. आक्का जेवायला बसे आणि तशीच उठे. तातेरावाला काय झाले ते कळले तेव्हा तो बहिणीवर ओरडणार होता. कौसल्येने त्याला डोळ्यांनी गप्प केले. चतुराबाई दारात येऊन विचारून गेली. वाटी आणली नव्हती. ताप आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामचा श्वास झोपलेल्या माणसासारखा सावकाश चालला होता.

"आक्का, हात धुवा," कौसल्या म्हणाली. "साबणानं. कोपरापर्यंत."

"कशाला?"

"शिकायचंय तुम्हाला. आधी मी दाखवते, मंग तुम्ही करायचं. मंग समजा मी नवी सून हाये, मला काही येत न्हाई. तुम्ही मला शिकवायचं."

"तू कशाची नवी सून. जन्म गेला तुझा या घरात."

"समजा म्हणले."

"समजत न्हाई मला तसलं. तू दाखव."

कौसल्येने दाखवले. खूण, पिचकारी, आंबट पाणी. चांगुणाबाईने पिचकारीतले पाणी उजेडाला धरून बघितले आणि वास घेतला. पण नरसाळे हातात घ्यायची वेळ आली तेव्हा ती उभी राहीना. तिने भुशाचे पोते बाजूला ढकलले, बाजेवर चढली आणि भावाच्या मागे बसून त्याची पाठ आपल्या छातीशी घेतली. त्याचे डोके तिच्या खांद्याला टेकले. मग तिने दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे काढले, एकाने नळी धरली, दुसऱ्याने नरसाळे.

"असं चालंल का?"

कौसल्येने विचार केला. सिस्टरांनी असे दाखवले नव्हते. पण पुंजाराम ताठ बसला होता, बाजेत घसरत नव्हता, मान सरळ होती. एक गोष्ट मात्र राहत होती.

"तुम्हाला मागून त्यांचं तोंड दिसत न्हाई, आक्का. ओठ मी बघते. मी थांब म्हणले की थांबायचं. बराबर?"

"बराबर. वीत कुठून मोजू?"

"त्यांच्या कपाळावरून."

चांगुणाबाईने नरसाळे क्षणभर कौसल्येच्या हातात दिले, भावाच्या कपाळावर अंगठा टेकवून वीत मोजली आणि नरसाळे तिथे धरले. कौसल्येने वरणाचे पाणी ओतले. ते सावकाश उतरायला लागले. पुंजारामने डोळे मिटले. त्याचा डावा हात, ज्यात फडक्याची गुंडाळी द्यावी लागे, बहिणीच्या गुडघ्यावर पडून राहिला.

त्या दिवसापासून तातेरावाचे दाराशी उभे राहणे संपले. ते काम आक्काने घेतले आणि तिच्या तोंडाला लागायची आळीत कुणाची तयारी नव्हती. भेटायला येणाऱ्याला ती आधी मोरी दाखवी. हात धुतले की ज्याला द्यायचे आहे त्याला शेवटचे स्वच्छ पाणी नरसाळ्यात ओतायला देई, आपण मागे बसून उंची धरी, आणि कौसल्या ओठ बघे. चतुराबाईने ओतले. गँगवरच्या मुकादमाने, कडूबाने, थेंब थेंब करत ओतले. "एवढी डांबराची पिपं रिकामी केलीस आन् पेलाभर पाण्याला घाबरून राह्यलास," आक्का त्याला म्हणाली. हापशावर उपाशी मारण्याचे बोलणे बंद झाले.

नळी बदलायच्या तारखेला पुंजारामला घेऊन तिघे जालन्याला गेले. सिस्टरांनी छाती तपासायला डॉक्टरांना बोलावले. छाती स्वच्छ निघाली. कौसल्येने पितळी पेल्याची गोष्ट लपवली नाही. सिस्टरांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारले, "खोकला आपला आपण आला?"

"आधी न्हाई. थोपटल्यावर आला. आता येतो, कधीकधी."

"मग बघू या."

त्यांनी पुंजारामला ताठ बसवले, हनुवटी किंचित खाली घेतली आणि भाताची मऊ लापशी अर्धा चमचा काढली. चमचा त्यांनी चांगुणाबाईपुढे केला. "तुम्ही देता? सांगते तसं."

चांगुणाबाई दोन पावले मागे सरकली. "मी न्हाई. बिलकुल न्हाई. कौसल्याला द्या."

कौसल्येनेही हात मागे घेतला. तातेराव खिडकीबाहेर बघायला लागला. शेवटी सिस्टरांनीच चमचा पुंजारामच्या जिभेच्या डाव्या बाजूला ठेवला आणि दुसरा हात त्याच्या कंठावर. काही वेळ काही झाले नाही. मग कंठ वर गेला आणि खाली आला. सिस्टर थांबल्या. ठसका नाही, घरघर नाही. त्यांनी तोंड उघडायला लावून आत बघितले. जीभ रिकामी होती.

"काही बोला," त्या म्हणाल्या. "नुसता आवाज निघाला तरी चालेल, ओला येतो का ते ऐकायचंय मला."

पुंजारामने तोंड वाकडे केले. लकव्यानंतरचा पहिला शब्द फुटायला वेळ लागला आणि निघाला तो अर्धाच. "मी... मीठ."

"मीठ न्हाई म्हणतो," चांगुणाबाई म्हणाली. "बराबर म्हणतो. मी चाखली ना मघाशी."

कौसल्येने नळीकडे बोट केले. "मंग आता हे काढायचं?"

"नाही. पोटभर जेवण तोंडानं जाईपर्यंत नळी राहील. अजून काही आठवडे, कदाचित जास्त. रोज दोनदा असे तीन चमचे, तुम्ही दोघी समोर असताना. ठसका लागला तर त्या दिवशी बंद. बाकीचं सगळं नळीतून, आत्तापर्यंत केलंत तसंच." सिस्टरांनी जुनी नळी काढली, नवी घातली आणि नाकपुडीपाशी शाईची खूण केली. मग चांगुणाबाईकडे वळून म्हणाल्या, "मागं बसून धरायचं मला दाखवाल का? खालच्या वॉर्डात गावाकडचे एक आजोबा आहेत, त्यांच्याही घरी बाजच आहे."

दाखवता दाखवता हसनाबादची गाडी चुकली. पुढच्या गाडीला अवकाश होता आणि पुंजारामची दुपारची वेळ झाली होती. बसस्थानकाच्या शेडखाली, सिमेंटच्या बाकावर, आक्का घोड्यावर बसावे तशी दोन्ही बाजूंना पाय सोडून बसली आणि तिने भावाला पुढ्यात घेतले. तातेरावाने थर्मासमध्ये घाटा गाळून आणलाच होता. कौसल्येने खूण बघितली, पिचकारीने ओढले, बघितले.

लोक जमले. गाडीची वाट बघणाऱ्या माणसाला बघायला काहीही चालते. एक म्हातारा पुढे वाकून म्हणाला, "नाकातून? जेवण?"

"मागं सरका बाबा, उजेड अडतोय," चांगुणाबाई म्हणाली. "बघायचं तर इकडून बघा. आन् नरसाळ्याकडं न्हाई. त्याच्या ओठाकडं बघायचं."

म्हातारा बाजूला झाला आणि बघू लागला. कौसल्या ओतत होती.